दूरदर्शनवर हवामान सांगायला कोण हवं? निवेदक, शास्त्रज्ञ की ते नवे एआयवाले?

केळीवाला_रावेर
सरळ मुद्द्यावर येतो. सरकारी टीव्हीवर हवामान सांगायला ज्याला हवामान कळतं असाच माणूस उभा करावा, हे माझं मत. आत्ता काय होतं, बातम्या संपत आल्या की निवेदक हवामान खात्याचा मजकूर वाचतात, मागे नकाशा, "मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस", झालं, नमस्कार. वाचणाऱ्याला दोष देत नाही, उच्चार एकदम स्वच्छ. पण आमच्याकडे मे-जूनमध्ये वाऱ्याचा एक झटका आला की कापणीवर आलेली केळी घडासकट आडवी होते. मला पावसापेक्षा वारा पाहिजे असतो, किती जोराचा, दुपारी का रात्री. वाचणाऱ्याला त्यातलं कुठलं वाक्य रावेर-यावलवाल्याच्या कामाचं ते कसं समजणार?

त्यात डीडी किसानवर २६ मे २०२४ पासून एआयचे निवेदक आलेत, कृष आणि भूमी. ५० भाषांमध्ये बोलू शकतात म्हणे, ३६५ दिवस न थकता. बाजारभाव सांगणार, हवामान पण सांगणार. बोला आता.

राजकारण आणू नका ही विनंती.

शेवभाजी_फुल_तिखट
राजकारण नको म्हटलं की चौथ्या प्रतिसादात हजर असतं. मी खुर्ची टाकून बसलो.

गिरणाकाठ
भाऊ, टीव्ही बघतो कोण आता? आमच्या पाचोऱ्याकडे सगळं व्हॉट्सॲपवर. परभणीचे पंजाबराव डख, ते स्वतःच पावसाचा अंदाज सांगतात ना, त्यांचा व्हिडिओ आला की ग्रुपमध्ये पाच जण टाकतात, तोच व्हिडिओ. सह्याद्री फक्त आमचे आबा बघतात आणि ते पण आवाज बंद करून.

तापीबाई
@गिरणाकाठ आवाज बंद करून हवामान बघतात? 😄

गिरणाकाठ
नकाशावर ढगाचं चित्र जळगाववर आहे का नाही एवढंच बघतात. बाकीचं आभाळाकडे बघून ठरवतात.

माईकमागची
इथे थोडं आतलं सांगते. मी एका सरकारी केंद्रावर बरीच वर्षं कॅज्युअल म्हणून बातम्या वाचल्यात, केंद्राचं नाव राहू द्या. लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी, कॅमेरा टेस्ट असं सगळं देऊन पॅनेलवर नाव लागतं, मग महिन्यात ज्या दिवशी ड्युटी लावतील त्या दिवशी जायचं आणि त्या ड्युटीचे पैसे घ्यायचे. कायम नोकरी नाही, पगार नाही, पुढच्या महिन्यात किती ड्युट्या मिळतील ते चार्ट लागल्यावर कळतं. हवामानासाठी वेगळा माणूस नसायचाच. खात्याचं बुलेटिन यायचं, डेस्कवर जो असेल तो मराठी करायचा, शेवटच्या अर्ध्या-पाऊण मिनिटात ते बसवायचं. एखाद्या मंत्र्यांचं भाषण लांबलं की पहिली कात्री हवामानाला, कारण ते कापलं म्हणून फोन कोणी करत नाही.

एकदा मी विचारलं होतं, यात "वाऱ्याचा वेग ताशी ४० ते ५० किमी" असं आहे ते मराठीत का नाही आलं. तर उत्तर आलं की मॅडम, जागा नव्हती. तेव्हा केळीवाले दादा, तुमचा वारा कागदावर होता. पडद्यापर्यंत पोचेपर्यंत गेला.

केळीवाला_रावेर
ताई, हे वाचून हसावं का रडावं. बरोब्बर हेच म्हणतोय मी! जो समजून सांगतो त्याने वारा कापला नसता, "हवामान कोरडे राहील" हे कापलं असतं.

धुळ्याचा_पुण्यात
विषय माझ्या आवडीचा त्यामुळे लांबण लावतो, माफ करा.

बीबीसीवर सुरुवातीला नुसते नकाशे दाखवायचे, माणूस दिसायचाच नाही. ११ जानेवारी १९५४ ला पहिल्यांदा जॉर्ज काउलिंग नावाचा माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि हा नट किंवा निवेदक नव्हता, त्यांच्या हवामान खात्याचा म्हणजे मेट ऑफिसचा कर्मचारी होता. नकाशावर कोळशाने नाहीतर पेन्सिलीने रेघा ओढत सांगायचा. पहिल्याच दिवशी म्हणे त्याने सांगितलं की उद्या वारा आहे, कपडे वाळत घालायला दिवस चांगला. हे त्या कागदावर थोडीच लिहिलेलं असणार. पुढे बरीच वर्षं हीच पद्धत, माणसं खात्याची आणि पडदा बीबीसीचा. १९७४ मध्ये बार्बरा एडवर्ड्स ही पहिली बाई आली, ती पण हवामानवालीच. २०१८ मध्ये बीबीसीने मेट ऑफिसला सोडून मीटिओग्रुप नावाच्या खाजगी कंपनीला काम दिलं, आणि २०२५ मध्ये परत मेट ऑफिसबरोबर काम करणार असं जाहीर केलंय.

आयर्लंडमध्ये पण तेच, तिथल्या सरकारी आरटीई वाहिनीवर त्यांच्या हवामान खात्याचे म्हणजे मेट एरनचे शास्त्रज्ञ स्वतः येऊन अंदाज सांगत आलेत. म्हणजे केळीवाल्यांची मागणी काही जगावेगळी नाही.

तापीबाई
कपडे वाळत घालायचं सोडा, आमच्याकडे असा माणूस आला तर "उद्या बिबड्या घालायला हरकत नाही" एवढं सांगितलं तरी अख्ख्या खान्देशात त्याची देवासारखी पूजा होईल. एप्रिलमध्ये गच्चीवर घातलेल्या बिबड्यांवर आभाळ येतं तेव्हा जी पळापळ होते ती टीव्हीवाल्यांनी बघायला पाहिजे.

शेवभाजी_फुल_तिखट
पापड-बिबड्यांना पण ऑरेंज अलर्ट द्या.

अमळनेरचा_मास्तर
@धुळ्याचा_पुण्यात अर्धीच गोष्ट सांगितली सर तुम्ही. त्याच बीबीसीवर १५ ऑक्टोबर १९८७ ला दुपारी मायकेल फिश म्हणाले की कोणा बाईंनी फोन करून विचारलं चक्रीवादळ येतंय का, तर काळजी करू नका, येत नाहीये. त्याच रात्री दक्षिण इंग्लंडला असं वादळ धडकलं की १८ माणसं गेली आणि दीड कोटी झाडं पडली. फिश साहेब निवेदक नव्हते, हवामान खात्याचेच होते. तेव्हा शास्त्रज्ञ उभा केला की अंदाज बरोबर येतो हे डोक्यातून काढा. अंदाज करणारा वेगळा, सांगणारा वेगळा, आणि सांगणाऱ्याला भाषा यावी, बस. आमच्या शाळेत विज्ञानाचे सर फार हुशार, पण त्यांचा तास झाला की पोरं माझ्याकडे येऊन विचारतात सरांनी काय शिकवलं.

केळीवाला_रावेर
मास्तर, अंदाज चुकणार हे शेतकऱ्याइतकं कोणाला माहीत आहे? पण बघा, १९८७ मधल्या त्या माणसाचं नाव तुम्हाला आज अमळनेरात बसून माहीत आहे. लोकांनी त्याला वर्षानुवर्षं सुनावलं. आपल्याकडे चुकला तर कोणाला सुनावायचं, भूमीला?

अमळनेरचा_मास्तर
हा मुद्दा मान्य. फक्त हा.

बॅरोमीटर
नमस्कार. मी हवामान निरीक्षणाच्या कामात आयुष्य घालवून आता निवृत्त आहे. दोन्ही बाजूंचं वाचलं, काही गोष्टी सांगतो.

टीव्हीवर "गेल्या २४ तासांत अमुक इतका पाऊस" म्हणतात तो सकाळी साडेआठला मोजलेला असतो. म्हणजे संध्याकाळी तुम्ही ऐकता तेव्हा तो आकडा दहा-अकरा तासांचा शिळा झालेला. दुपारी चाळीसगावला ढगफुटीसारखा पडून गेला असेल तर तो त्यात नाही, उद्याच्या आकड्यात येणार. समजणारा माणूस असेल तर एका वाक्यात हे सांगून टाकेल. वाचणारा सांगत नाही, मग लोक म्हणतात खातं खोटं बोलतं.

दुसरं, रंग. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत रहा, लाल म्हणजे कृती करा. हा रंग नुसत्या पावसाच्या मिलिमीटरवर ठरत नाही, घडण्याची शक्यता किती आणि घडलं तर परिणाम केवढा हे दोन्ही बघतात. टीव्हीवर मात्र लाल दिसला की मागे भीतीचं संगीत चालू. (हे सरकारी वाहिनीवर कमी, खाजगीवर जास्त, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.)

आता शास्त्रज्ञाला पडद्यावर आणायचं. ड्युटीवरचा फोरकास्टर म्हणजे अंदाज काढणारा पाळीत काम करतो. पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचला वरच्या हवेचं मोजमाप घ्यायला सोडलेले फुगे, उपग्रहाची चित्रं, रडार, संगणकाची मॉडेलं, हे सगळं बघून बुलेटिन काढायचं, वर प्रशासनाचे फोन. बातम्यांची वेळ म्हणजे नेमकी त्याची धावपळीची वेळ. त्याला मेकअप करून स्टुडिओत कोण पाठवणार आणि त्याच्या जागी कोण बसणार? आयर्लंडचं उदाहरण चांगलं आहे पण तिथे ते काम म्हणून मोजतात, त्याचं प्रशिक्षण देतात. आपल्याकडे "जरा जाऊन या साहेब, दोन मिनिटांचं काम आहे" असं होईल.

माईकमागची
काका, "दोन मिनिटांचं काम आहे" हे आम्ही पण फार ऐकलंय.

सातपुडा_अक्राणी
मी धडगावकडे शिक्षक आहे. इथे सगळे शास्त्रज्ञ का निवेदक यावर भांडतायत, आमच्याकडे प्रश्न वेगळा आहे. घरी पावरी नाहीतर भिली बोलतात. म्हातारी माणसं "मेघगर्जनेसह" वगैरे ऐकून माझ्याकडे बघतात. विजा पडून गुरं मरतात, कधी माणूस जातो, तो इशारा त्यांच्या भाषेत कोणी देत नाही. दामिनी ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, जवळपास वीज पडायची शक्यता असली की सांगतं, फार उपयोगी. पण त्याला रेंज लागते आणि आमच्याकडे रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं आणि विजा चालू असताना टेकडीवर जायचं नसतं. घ्या.

त्यामुळे त्या ५० भाषांत आमची पावरी असेल तर मला एआय चालेल. खुशाल माणूस नको. पोट भरलेल्यांनी माणूस हवा का मशीन हवं ते ठरवावं.

अमळनेरचा_मास्तर
सर, मुद्दा एकदम पटला पण एक शंका. एआयला पावरी शिकवणार कोण? लिहिलेला मजकूरच किती आहे पावरीत. त्यासाठी आधी पावरी बोलणारं पोरगं कामावर घ्यावं लागेल, मग त्यालाच उभं करा की कॅमेऱ्यासमोर.

सातपुडा_अक्राणी
करा ना मग. माझ्या शाळेतून शिकून गेलेली चार पोरं तयार आहेत. जाहिरात निघाली की कळवा.

भालदेवनी_आजी
आम्ले कोन सांगस त्यान्हाशी काय घेनं देनं, पानी कव्हय येई ते सांगा ना भो.

तापीबाई
आजीला लाख मोदक 🙏 अहिराणीतून अंदाज पाहिजेच. "आज दिनभर ऊन, संध्याकायले वावटय" असं कोणी म्हटलं की मी टीव्ही परत चालू करीन.

शेवभाजी_फुल_तिखट
अंदाजच पाहिजे तर बुलढाण्याकडचं भेंडवळ गाव आहे ना. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घट मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे वर्षभराचं पाऊसपाणी, पीक, देशाचा राजा सगळं सांगून मोकळे. मेकअप नाही, कॅज्युअल पॅनेल नाही, थेट प्रक्षेपण मात्र सगळ्या वाहिन्यांवर.

बॅरोमीटर
त्याला शास्त्रीय आधार नाही हे सांगणं माझं कर्तव्य.

शेवभाजी_फुल_तिखट
काका आम्हाला माहीत आहे, पण दरवर्षी बघतो पण.

धुळ्याचा_पुण्यात
जपानचं राहिलं होतं. तिथे १९९४ पासून हवामान अंदाजकाराची सरकारी परीक्षा आहे, शंभरात पाच-सहाच पास होतात इतकी अवघड. गंमत म्हणजे कायद्याने नुसतं वाचून दाखवायला ती लागत नाही, स्वतः अंदाज काढून द्यायचा असेल तरच लागते. तरी एनएचके या तिथल्या सार्वजनिक वाहिनीवर हवामान सांगणारे ती पास झालेले असतात, कारण प्रेक्षकांना सवय लागलीय, परीक्षा पास झालेला माणूसच पाहिजे. म्हणजे बॅरोमीटर काकांची अडचण अशी सुटते, ड्युटीवरचा फोरकास्टर त्याच्या खुर्चीत आणि पडद्यावर दुसरा, पण त्याला विषय येतो. आपल्याकडे भूगोल, भौतिकशास्त्र, कृषी पदवीधर पोरं एवढी बसलीत, एक वर्षाचा कोर्स करून का नाही घेत?

माईकमागची
घेतील, कॅज्युअलवर घेतील. मग ते पोरगं दोन वर्षांत खाजगी वाहिनीत जाईल किंवा स्पर्धा परीक्षा देईल. माझ्याबरोबरचे बरेच जण असेच गेले. हवामान सांगणारा चेहरा लोकांच्या ओळखीचा व्हायला तोच माणूस रोज दिसावा लागतो, महिन्यातून चारदा येणाऱ्याचं कोण ऐकेल? आधी पद निर्माण करा, मग त्यावर शास्त्रज्ञ बसवायचा का निवेदक ते बोलू.

पाटचारी
सगळा धागा वाचला. मला वाटतं तुम्ही मुंबईच्या स्टुडिओत कोणाला उभं करायचं यावर भांडताय आणि खरी माणसं कमी झाली ती जिल्ह्यात.

कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं होती, डामू म्हणायचे, देशभरात १९९. प्रत्येक ठिकाणी एक विषय विशेषज्ञ आणि एक निरीक्षक, कंत्राटी. हवामान खात्याचा तालुक्याचा अंदाज घेऊन दर मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला काढायचे, या तालुक्यात फवारणी थांबवा, केळीला टेकू द्या, कापूस वेचून घ्या. २०२४ मध्ये बंद केली सगळी. कृषी विद्यापीठांकडची केंद्रं आहेत अजून, पण एकेका केंद्राच्या गळ्यात कितीतरी जिल्हे.

केळीवाले भाऊ, तुम्हाला जो वारा पाहिजे तो सांगणारा माणूस होता. टीव्हीवर नव्हता, फोन उचलायचा. मी स्वतः विचारलंय मिरचीच्या वेळी. आता टीव्हीवर मोठ्यात मोठा शास्त्रज्ञ उभा केला तरी तो अख्ख्या "मध्य महाराष्ट्रा"साठी बोलणार, आणि खात्याच्या नकाशात कोल्हापूर पण मध्य महाराष्ट्र, नंदुरबार पण मध्य महाराष्ट्र. कोल्हापूरला पंचगंगेला पूर आणि आमच्याकडे दुबार पेरणी, तरी विभाग एकच.

केळीवाला_रावेर
पाटचारी भाऊ, हे मला माहीत होतं पण या बाजूने विचार केला नव्हता. तरी टीव्हीचा मुद्दा सोडत नाही मी. खात्याचे जिल्हावार इशारे पाच दिवसांचे रोज निघतात ना, मग टीव्हीवर विभागाचं का वाचायचं? ३६ जिल्हे एका मिनिटात नाही बसत हे कबूल, पण ज्या जिल्ह्यात काही घडणार तेवढेच घ्या, कोरडे सोडून द्या. हे निवडायला तरी विषय कळणारा लागतोच. आणि दूरदर्शनला जमत नसेल तर आकाशवाणी जळगाव आहेच की, तिथे शेतीच्या कार्यक्रमात बोलणारा माणूस केळी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही असा असतो.

गिरणाकाठ
रेडिओचं खरं आहे. वावरात पाणी भरताना टीव्ही नेता येत नाही.

अमळनेरचा_मास्तर
मग ठरलं काय? मी अजून म्हणतो भाषा येणारा पाहिजे. केळीवाले म्हणतात विषय येणारा. ताई म्हणतात आधी पद पाहिजे. अक्राणीचे सर म्हणतात आमच्या बोलीत पाहिजे. असा सगळा एकच माणूस मिळाला तर तो टीव्हीवर कशाला येईल, निवडून येईल.

शेवभाजी_फुल_तिखट
आलं! आलं राजकारण! थोडा उशीर झाला पण आलं.

बॅरोमीटर
मास्तर, एक सुचवतो. रोज शास्त्रज्ञ नको. जून ते सप्टेंबर, आणि गारपिटीच्या दिवसांत, एवढेच दिवस ड्युटीबाहेरचा फोरकास्टर व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं घ्या. मेकअप नको, स्टुडिओ नको. निवेदकाने प्रश्न विचारायचे, वाचायचं नाही. दिल्लीच्या मुख्यालयातून खातं स्वतःचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतंच, तेच प्रादेशिक पातळीवर मराठीतून टीव्हीला जोडायचं.

माईकमागची
हे जमण्यासारखं आहे काका. फक्त प्रश्न विचारायला निवेदकाला आदल्या दिवशी बुलेटिन मिळालं पाहिजे, कॅमेरा सुरू होताना नाही.

पाटचारी
आणि एक प्रश्न रोज खान्देशचा विचारायचा, ही अट घाला.

नवखा_शिरपूर
नमस्कार मी नवीन आहे, धागा शोधता शोधता इथे आलो. विषय सोडून विचारतो, कापसावर फवारणी करायची आहे, उद्या करू का परवा? आभाळ आहे इकडे.

पाटचारी
@नवखा_शिरपूर मेघदूत ॲपवर धुळे जिल्हा निवडा, मंगळवार-शुक्रवारचा सल्ला येतो मराठीत, आजचा आला असेल. फवारल्यावर चार-पाच तास उघडीप पाहिजे आणि वारा पडलेला पाहिजे. कोणतं औषध आहे ते पण लिहा.

नवखा_शिरपूर
ॲपवर दोन दिवस पाऊस दाखवतंय. औषध आणलेलं नाही अजून, दुकानदार म्हणतो उद्याच मारा.

केळीवाला_रावेर
दुकानदाराला औषध विकायचंय. थांबा दोन दिवस.